खऱ्या जगातला अबोला

तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात, ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. त्यातला त्यात सभ्य शब्द म्हणजे आंधळा. रेफरींनी हा शब्द इतक्या तोंडांतून ऐकला होता की निवृत्तीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोच जरा साखर लावून सांगितला, तेव्हा त्यांना फारसा धक्का बसला नाही. हे आपल्याला पूर्वीच कळवण्यात आलंय, असं ते शांतपणे म्हणाले आणि टोपी उचलून घरी आले.

झालं होतं असं की शाळकरी पोरांच्या एका सामन्याला त्यांना मानानं बोलावलं होतं आणि मैदानाची कडेची रेघ त्यांना वाकडी दिसली. त्यांनी माळ्याला ती पुसून पुन्हा आखायला लावली. पुन्हा वाकडी. तिसऱ्यांदा माळी दोरी घेऊन आला, दोरी ताणून रेघ मारली आणि रेफरींनी दोरीच वाकडी ठरवली, तेव्हा कुणीतरी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याच्या बरोब्बर मध्यावर पाणी साचत होतं. अशानं सरळ रेघ वाकडी दिसते आणि हयगय केली तर मधलं सगळं पुसलं जातं, कडेकडेचं तेवढं उरतं. उजवा डोळा तरुणपणीच एका भरधाव चेंडूनं कायमचा निकामी केलेला. म्हणजे सगळी भिस्त या डाव्यावर. त्यावर उपाय एकच, ठरावीक दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं.

धक्का बसला तो त्यांच्या बायकोला. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळा जन्म परक्यांची बोलणी जुळवून देण्यात गेलेला, आणि नेमक्या त्या वेळी बाईंचं घरात नवऱ्याशी बोलणं बंद होतं. अबोल्याला कारणही तसंच झालं होतं. घरी पाहुणे आले असताना रेफरींनी आपल्या गाजलेल्या पेनल्टीची गोष्ट काढली, आणि बाई सहज म्हणून गेल्या की ती पेनल्टी नव्हतीच, मी होते ना प्रेक्षकांत. रेफरी उठले, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि भरल्या पाहुण्यांत बायकोला दाखवलं. आता निवृत्त माणसानं घरच्या सदऱ्याच्या खिशात पिवळं कार्ड का बाळगावं, हा प्रश्न पाहुण्यांनाही पडला असेल. बाईंना तो पडला नाही. त्यांनी ताटं उचलली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप घातलं.

पण संसार म्हटला की निरोप द्यावे लागतातच. तेव्हा बाई फ्रिजशी बोलू लागल्या. जेवण वाढलंय, गार होतंय, असं फ्रिजला सांगायचं. रेफरी रेडिओला सांगायचे की आज भूक बेताची आहे. लेकी बोले सुने लागे, ही तर आपली जुनीच रीत. चार महिने असं चाललं. मग बाईंचा राग उतरला, डोळ्याचं कळल्यावर तर पार वितळला, आणि येत्या रविवारी आपण होऊन बोलायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. निरीक्षक त्याच्या आधीच्या बुधवारी आला.

हा निरीक्षक दवाखान्यातल्या अभ्यासाचा. अभ्यास मोठा होता, दहा वर्षं चालायचा होता. मोठ्या डॉक्टरांनी तो रेफरींना समजावून सांगितला होता. नवं औषध प्रयोगात छानच चालतं, कारण प्रयोगात घेतलेली माणसं वेचून घेतलेली असतात, वेळेवर येतात, सांगितलेलं ऐकतात. अशी माणसं जगात असतात कुठं? खऱ्या जगात माणूस तारीख विसरतो, चष्म्यावर बसतो, बायकोशी भांडतो. त्या खऱ्या जगात औषधाचं काय होतं ते बघायचंय, म्हणून आम्हाला खरं घर हवंय. अट एकच. पहिल्या दिवशी घर जसं असेल तसंच ते शेवटपर्यंत राहिलं पाहिजे, नाहीतर फरक औषधानं पडला की घरानं पाडला हे कळायचं कसं. अट मोडली तर अभ्यासातून बाहेर.

नियम म्हटल्यावर रेफरींचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर इतका कडक नियम त्यांना कुणी दिलाच नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

निरीक्षक आपली घडीची खुर्ची स्वतः घेऊन आला, पाण्याची बाटली स्वतः घेऊन आला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला आणि म्हणाला की मी इथं नाहीये असं समजा. मला चहा विचारायचा नाही, माझ्याकडे बघायचं नाही, मी बोलणार नाही. आपण बोललो हे त्यालाच चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यानंतर त्यानं तोंडात गुळणी धरली ती धरलीच. दिवसभर घर बघून त्यानं लिहून घेतलं: पती-पत्नीत संवाद नाही, निरोपांची देवाणघेवाण फ्रिज व रेडिओ यांच्यामार्फत. आणि तो निघून गेला, पुढे दर बुधवारी येण्यासाठी. बाईंचा रविवार तिथंच राहिला.

बाईंनी आधी हे सगळं हसण्यावारी नेलं. बुधवारी तो मेला खुर्ची घेऊन येईल तेव्हा गप्प बसू, बाकीचे दिवस आपलेच आहेत, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण त्यांनी नवरा कोण केलाय हे त्या विसरल्या. एका शुक्रवारी न्हाणीघरातून त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अहो, टॉवेल द्या जरा." टॉवेल मिळाला. पुढच्या बुधवारी रेफरी कोपऱ्यातल्या खुर्चीसमोर ताठ उभे राहिले आणि समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "शुक्रवारी सकाळी या घरात एक वाक्य बोललं गेलं. टॉवेलविषयी. खेळ स्वच्छ असावा म्हणून सांगतोय."

आठवड्याभरात अभ्यासाच्या ऑफिसातून फोन आला. बाईंना अगदी अदबीनं समज देण्यात आली की पुन्हा असं झालं तर नाइलाजानं रेफरींना बाहेर काढावं लागेल. बाहेर म्हणजे काय ते बाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती. इंजेक्शन बंद, म्हणजे डोळा बंद. त्या दिवशी त्यांनी फ्रिजचं दार उघडून आत तोंड घातलं आणि नवऱ्याला ज्या चार शिव्या द्यायच्या होत्या त्या दुधाच्या भांड्याला दिल्या.

तर अशी वर्षं गेली. माणसं भांडण मिटवायला धडपडतात, इथं मिटलेलं भांडण जपायचं होतं. शास्त्रानं सांगितलं म्हणून दोन म्हातारी माणसं एका छपराखाली अळीमिळी गुपचिळी खेळत होती, आणि डोळा मात्र छान चालला होता. इंजेक्शनं मानवली होती. मधल्या काळात बाईंना ऑफिसातून आणखी एकदा फोन आला, गेल्या बुधवारी आपण दोनदा हसलात, पहिल्या दिवशी आपण हसला नव्हतात, कृपया लक्ष असू द्या. बाईंनी लक्ष असू दिलं. आपल्याच घरात हसायची चोरी झाली होती.

मग चौथ्या वर्षी फ्रिज बंद पडला. बाईंना वाटलं, सुटलो. निरोप द्यायला फ्रिजच नाही म्हटल्यावर माणसं बोलणारच की. ऑफिसात बैठका झाल्या. निरीक्षक पहिल्यांदाच खुर्चीवरून उठला, फ्रिजला कान लावला आणि मान हलवून परत बसला. पंधरवड्यानं टेम्पोतून दुसरा फ्रिज आला, त्याच कंपनीचा, त्याच फिकट निळ्या रंगाचा, कुठल्या तरी भंगारवाल्याकडून शोधून आणलेला. जुन्याच्या दाराला खालच्या बाजूला पोचा होता. हमालांनी नव्याला मोजूनमापून हातोड्यानं तसाच पोचा पाडला आणि निरीक्षकानं तो बोटं फिरवून तपासला. बाईंना हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीची परवानगी नव्हती.

पण खरं सांगायचं तर या फ्रिजला बाईंनी जेवढं सांगितलं आणि त्या रेडिओकडून जेवढं ऐकलं, तेवढं बोलत्या संसारात कुणी कुणाला सांगत नाही. परगावच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा बाईंनी फ्रिजला सांगितलं की बाळ बाळंतीण सुखरूप आहेत, नाक मात्र आजोबांचं आहे, देव तिचं भलं करो. पलीकडच्या खोलीत रेडिओ बंद झाला. मग रेफरी घसा खाकरून रेडिओला म्हणाले की या घरात कुणी आजी झाली असेल तर तिचं अभिनंदन. बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना त्या क्षणी नवऱ्याच्या खोलीत जाऊन नुसतं शेजारी बसायचं होतं. पहिल्या दिवशी त्या शेजारी बसल्या नव्हत्या, म्हणून त्या बसल्या नाहीत.

फ्रिजच्या दारावर दवाखान्यानं दिलेला एक कागद चिकटवलेला होता. काळ्या चौकटींची जाळी आणि मधोमध एक ठिपका. रेफरींनी रोज सकाळी त्यासमोर उभं राहून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ आहेत की वाकड्या ते बघायचं. वाकड्या झाल्या की लगेच दवाखाना गाठायचा, एक दिवसही थांबायचं नाही. रेफरी रोज बघायचे आणि रेडिओला निकाल सांगायचे, "रेघा सरळ."

सहाव्या वर्षी डोळा इतका स्थिर झाला होता की दोन इंजेक्शनांमधलं अंतर डॉक्टरांनी चांगलं लांबवलं. आणि त्या लांबलेल्या अंतरात, एका सकाळी, रेफरींनी चहा कपाच्या शेजारी ओतला.

बाईंनी ओटा पुसला. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो कधीकधी. दोन दिवसांनी सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात गेली. मग रेफरींना स्वयंपाकघरातली कपबशांची फळी वाकडी दिसू लागली. ते हातोडी घेऊन आले, फळीची एक बाजू ठोकून ठोकून वर केली, लांब उभे राहून समाधानानं बघितलं, आणि सगळ्या कपबशा रांगेनं घसरत खाली आल्या. तो बुधवार होता. निरीक्षकाच्या पायाशी बश्यांचे तुकडे आले, त्यानं पाय तेवढे वर घेतले.

माळ्याची दोरी त्यांना आठवली. पण रेफरी तसेच जाळीसमोर गेले, ठिपक्याकडे टक लावून बघितलं आणि रेडिओला ओरडून सांगितलं, "रेघा सरळ."

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते बाईंना अगदी स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांचा नवरा होता तो. कागदावरच्या रेघा छापखान्यात छापलेल्या, त्या वाकड्या असतीलच कशा? प्रश्न होता की रेघा सरळ आहेत का. त्या सरळच आहेत. आपल्याला कशा दिसतात हे कुणी विचारलेलं नव्हतं, आणि रेफरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. फळी मात्र कुणी छापलेली नव्हती, म्हणून ती वाकडी असू शकत होती. शिवाय या सगळ्याच्या मागे एक गोष्ट होती, ती रेफरींनी रेडिओलाही सांगितली नव्हती. ते घाबरले होते.

बाईंनी फ्रिजला सांगितलं, "फळी सरळ होती. वाकडं दुसरंच काहीतरी झालंय, डॉक्टरांना दाखवायला हवं." बाजूच्या खोलीतून रेफरींनी रेडिओला उत्तर दिलं की निकाल मैदानात असलेला माणूस देतो, प्रेक्षकांतला फ्रिज नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी तेच जरा गयावया करून सांगितलं. रेडिओचा आवाज मोठा झाला.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. लेक सगळं ऐकून म्हणाली की आई, तू सरळ बाबांना सांग ना तोंडानं. बाई म्हणाल्या, तोंडानं सांगितलं तर बाहेर काढतील, इंजेक्शन बंद होईल, आहे तो डोळा जाईल. लेक म्हणाली, आणि नाही सांगितलंस तर? बाईंनी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर त्यांना लेकीचाच राग आला, कारण तिचं बरोबर होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. बोलावं तर डोळा जातो, न बोलावं तर डोळा जातो, फक्त बोलून गेला तर तो आपण घालवला असं होणार होतं. या एका फरकाला भिऊन बाईंनी आणखी तीन आठवडे घालवले. हे त्यांना पुढे जन्मभर टोचणार होतं.

त्यानंतरच्या बुधवारी चालताना रेफरींचा खांदा दाराच्या चौकटीला धडकला. पाण्याचा पेला धरायला गेलेला हात दोन बोटं अलीकडेच मिटला. बाईंनी कोपऱ्यात बघितलं, बघायचं नसतं तरी बघितलं. निरीक्षकही तो हातच बघत होता. त्यालाही कळलं होतं. त्यानं मान वर केली, घरातल्या इतक्या वर्षांच्या बुधवारांत पहिल्यांदा दोघांची नजरानजर झाली, आणि मग त्यानं आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. तो इथं नव्हता ना.

बाईंना असा संताप आला की हातातलं पातेलं त्यांनी ओट्यावर आपटलं. एका खोलीत तीन माणसं, तिघांनाही माहीत आहे की एकाचा डोळा चाललाय, आणि तिघंही गप्प, एक रेफरी आहे म्हणून, एक बायको आहे म्हणून आणि एक मुळात नाहीच म्हणून. यापेक्षा आंधळेपणा वेगळा काय असतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या पुढे झाल्या.

रेफरी जाळीसमोर उभे राहत होते. बाई मधे शिरल्या, फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या. आता ठिपका होता तिथं बाईंचा चेहरा होता.

"अहो," बाई म्हणाल्या. "माझं तोंड सरळ आहे का?"

रेफरींनी झटकन कोपऱ्याकडे मान वळवली.

"तिकडे नाही, इकडे बघा. मी काही छापखान्यात छापलेली नाही. मी कशी दिसते ते सांगा."

रेफरींनी बघितलं. सहा वर्षांत बायकोकडे त्यांनी असं समोरून बघितलं नव्हतं, पहिल्या दिवशी बघितलं नव्हतं म्हणून. त्यांचे ओठ हलले. नियम गिळायला त्यांना किती जड जातंय ते बाईंना दिसत होतं.

"कान दिसतायत," शेवटी ते म्हणाले. "केस दिसतायत. मधे तू नाहीयेस गं."

कोपऱ्यात खुर्ची घडी झाल्याचा आवाज आला. निरीक्षक उभा राहिला होता. "मी टॅक्सी बघतो," तो म्हणाला, आणि खुर्ची तिथंच टाकून जिना उतरत पळाला.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी पडद्याचे फोटो काढले आणि बराच वेळ बघितले. पाणी नव्हे, या वेळी रक्त होतं. इंजेक्शन आजच द्यावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या. उरलंय ते वाचेल. पण मधला भाग गेला तो गेला, तो परत यायचा नाही. चार आठवडे आधी आला असतात तर बराच राहिला असता. रेफरींनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं, जसं कार्ड दाखवल्यावर खेळाडूंनी ऐकावं अशी त्यांची अपेक्षा असे.

बाईंचं लक्ष एकाच शब्दावर होतं. "इंजेक्शन आज कसं देणार?" त्यांनी विचारलं. "आम्ही तर अभ्यासातून बाहेर झालो. मी बोलले."

डॉक्टरांनी सोबत आलेल्या निरीक्षकाकडे बघितलं. त्यानं मान डोलावली, हो, बोलल्या, दोन वेळा, एकदा प्रश्नार्थक. डॉक्टर जरा हळहळल्या. तुमचं घर आमच्या सगळ्या अभ्यासातलं सर्वांत स्थिर घर होतं, त्या म्हणाल्या, असं सहा वर्षं तसूभरही न हललेलं घर आमच्याकडे दुसरं नाही, परदेशातल्या परिषदेत मी त्याचा आलेख दाखवला होता. असो. अभ्यासातून बाहेर म्हणजे आता तुम्ही चार नंबरच्या खोलीऐवजी पाच नंबरच्या खोलीत जायचं.

"आणि इंजेक्शन?"

"तेच."

"हेच इंजेक्शन? बाहेरच्यांनाही?"

"अहो, हे सगळ्यांनाच मिळतं, पहिल्यापासून. अभ्यास म्हणजे आम्ही वेगळं काही देत नव्हतो. जे कुणालाही देतो तेच देत होतो. फक्त तुमच्याकडे बघत होतो."

बाईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन बाहेर आल्या.

पाच नंबरच्या खोलीबाहेर लांबलचक बाकं होती आणि साधी, कुणाचंही लक्ष नसलेली माणसं त्यावर बसली होती. नर्सनं येऊन रेफरींच्या डोळ्यात थेंब घातले आणि तासभर थांबायला सांगितलं. बाई शेजारी बसल्या. आधी त्यांना वाटलं की आपल्याला रडू येतंय. पण आला तो राग, सहा वर्षांचा सगळा, ताजाच्या ताजा. नवरा घाबरला होता, डोळा गेला होता, हे सगळं दिसत असूनही त्यांना थांबवेना. त्यांनी रेफरींना टॉवेलपासून धरलं. फ्रिजपर्यंत आणलं. नातीच्या बारशाला दोन वेगवेगळ्या बसनं गेलो ते काढलं, कुणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं हरिश्चंद्र व्हायला म्हणून विचारलं, आणि एकदाही डॉक्टरांना तोंड उघडून विचारलं नाहीत की बाहेर म्हणजे काय, मीही विचारलं नाही, दोन शहाणी माणसं आपण, असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा लख्ख आणि मोठा झाला. बाकांवरची माणसं वळून बघू लागली. निरीक्षक भिंतीशी रिकाम्या हातांनी उभा होता, आता या सगळ्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

आणि रेफरी ऐकत होते, पण बघत होते भलतीकडेच. बाईंच्या कानाच्या पलीकडे, भिंतीवर कुठंतरी. मधेच नजर वर जायची, मधेच खांद्याकडे, आणि परत त्या कानापलीकडच्या जागी येऊन थांबायची.

बाईंना ते झोंबलं. "मी इथं जीव तोडून बोलतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडे काय बघताय? निदान आता तरी माझ्याकडे बघा."

"तुझ्याकडे बघितलं तर तू दिसत नाहीस," रेफरी म्हणाले. "तिकडे बघितलं की दिसतेस. मघापासून शोधत होतो, कुठं बघितलं की दिसशील ते. आत्ता सापडलं."

रेफरींची नजर भिंतीवरच होती, जराही हलू न देता त्यांनी ती तिथं धरून ठेवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बाईंना तो चेहरा ओळखायला क्षणभर लागला.

"थकलीयस फार," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "केस सगळे पांढरे झाले. कधी झाले?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं. रडायला वेळ नव्हता, अजून फ्रिजच्या पुढचं सगळं बोलायचं राहिलं होतं.

"मग तिकडेच बघा," त्या म्हणाल्या. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," रेफरी म्हणाले. "बोल."